पाण्यात न टिकलेली पकड

सोलापूर, गुरुवार

प्रिय धम्मप्रिया,

तुझ्या मावशींनी दिलेली शेंगाचटणी अजून उघडली नाही. हात धजत नाही. त्या दिवशी तुझ्या घरी, बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं आखडलेले गुडघे धरून उठत त्यांनी मला विचारलं होतं, "पोरी, तुमच्या कम्प्युटरात दिसलंय म्हनं. मग आमच्या बोअरचं पानी कवा नीट हुनार?" आणि मी म्हणाले, "होईल की, मावशी." तू किती खुशीत माझ्याकडे पाहिलंस! तेव्हा माझं कम्प्युटरवर तुझ्या रेणूचं पाण्यातलं सिम्युलेशन चालू होतं, आणि त्याचे पहिले आकडे मी पाहून आले होते.

तू लॅबमध्ये हात भाजून घेत तो रेणू बनवलास. त्याची वाटीसारखी पोकळी मी स्क्रीनवर फिरवून पाहायचे, तेव्हा तूच खुर्चीमागे उभी असायचीस. क्लोरोफॉर्मच्या द्रावणात त्यानं फ्लोराइडला असं धरलं, की आपण दोघींनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला. पाण्यात तसं होत नाही गं. फ्लोराइडभोवती पाण्याचेच रेणू गर्दी करतात, त्याला सोडत नाहीत. तुझ्या वाटीपर्यंत तो पोचतच नाही. पोचलाच तर लगेच सुटतो. मी सगळं बदलून पाहिलं, पुन्हा पुन्हा चालवलं. उत्तर तेच.

तुझ्या रेणूत खोट नाही. क्लोरोफॉर्ममध्ये तो धरतो हे खरंच आहे. पण आपल्या पेपरच्या शेवटी 'पिण्याच्या पाण्यासाठी उपयुक्त' हे वाक्य मी लिहिलं होतं. पाण्यात एकदाही न तपासता. सर म्हणाले, "राहू दे, सगळेच असं लिहितात." मीही राहू दिलं. तू मात्र ते वाक्य वाचून घरी फोन केलास. पुढच्या आठवड्यातल्या बेंगळुरूच्या नोकरीच्या मुलाखतीतही तू तेच सांगणार आहेस, हे मला माहीत आहे.

म्हणून आज दुपारी मी संपादकांना कळवलं, की पेपर मागे घ्यावा. कारणही लिहिलं, वाक्य माझं होतं हेही लिहिलं. पण पेपरवर पहिलं नाव तुझं आहे, आणि तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू मुलाखतीपर्यंत थांब म्हणाली असतीस, आणि मी थांबले असते. स्वतःची मला एवढी ओळख आहे. उद्या त्यांची मेल तुलाही येईल. त्याआधी हे माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र आजच मेल करते आहे. फोन उचलणार नाहीस, हे धरून चालले आहे. तरी करत राहीन.

तुझीच, अजून तसं म्हणू देशील तर,
चंद्रिका