कस्तुराच्या फॉर्मवरची सही

कासारवाडी,
१४ जून १९७६

तीर्थस्वरूप दौलतमामांच्या पायांशी भाचा ज्ञानदेव याचा दंडवत. इकडे आई आणि आम्ही सुखरूप. तुमच्या गुडघ्याची सूज आणि मामींचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे.

आमच्याकडे राहून शिकणारी तुमची कस्तुरा गुरुवारी पाहुण्यांना दाखवायची होती आणि तिला कुरुळीला आणायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलं होतं. पाहुणे पोहे खाऊन परत गेले, असं चाकणच्या भाजीवाल्याकडून कळलं. चूक माझी नाही, म्हणजे पहिली माझी नाही. दोनची एस.टी. नाशिक फाट्यावर धरू, त्याआधी पुण्याला कॉलेजात पाच मिनिटांचं काम आहे, असं कस्तुराच म्हणाली. (वाटेत दापोडीला एक माणूस सायकलवरून कपाट नेत होता. ते धरू लागलो, त्यात अर्धा तास गेला. कपाट पोचलं.)

काम म्हणजे पीएच.डी.ला नाव नोंदवायचं. मुलगी एम.एस्सी.ला गणितात पहिली, पण विभागप्रमुखांनी तिला एकही गणित विचारलं नाही. म्हणाले, मुलीला जागा दिली की वर्षात लग्नाची पत्रिका येते आणि जागा फुकट जाते, पालकाला आणा. तिच्या पुढच्या दोन मुलांना पालकाचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. कस्तुराने मला दारातून आत ढकललं. म्हणजे मॅट्रिकला गणितात तीनदा बसून तीनदा उडालेला मी, तिला गणित करायची परवानगी देणार. तुम्ही हिचे कोण, असं साहेबांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की ही माझ्या मामाची मुलगी. साहेबांचा चेहरा एकदम खुलला.

"अस्सं, म्हणजे घरातल्या घरात जमलंय. मग तुमची हरकत नाही ना?"

मी तोंड उघडणार तोच कस्तुराने माझ्या पायावर पाय दिला. हरकत कसली, शिकू द्या की, असं म्हणून मी साध्या कागदावर सही ठोकली. तोवर एस.टी. गेली.

बाहेर येऊन मी तिला म्हटलं, हे तू बरं केलं नाहीस. तर म्हणते कशी, "चार वर्षं गणित करायला मिळणार असेल, तर तेवढे दिवस त्यांच्या लेखी तू नवरा असलास तरी चालेल. तसाही तू कुठे घरी असतोस?"

आपला आज्ञाधारक (गुरुवार सोडून),
ज्ञानदेव

ता. क. साहेबांना तीस तारखेपर्यंत रीतसर फॉर्म हवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. त्यावर जो सही करील त्याने दर सहा महिन्यांनी हजर राहायचं. मला रविवारी नगरच्या ट्रकवर जागा मिळाली आहे. तेव्हा फॉर्म सोबत जोडला आहे. बाप तुम्ही, सही तुम्हीच करावी.

आणखी एक. 'संशोधन पूर्ण होण्याआधी मुलीचे लग्न करणार का?' या प्रश्नापुढे मी शाईने 'नाही' लिहून ठेवलं आहे. खोडू नये. खाडाखोड झालेला फॉर्म घेत नाहीत.