शालनला दाखवलेलं छापील उत्तर

३ जुलै
मासिकाकडून पाकीट आलं. सोसायट्यांच्या महासंघाचं मासिक, त्यात सभासदांच्या प्रश्नांना उत्तरं मीच लिहितो. बारा वर्षं झाली. आजचं पत्र वर्तकनगरच्या एका सभासदाचं, थेट माझी चूक दाखवणारं. मागे मी लिहिलेलं, सभासद वारला की फ्लॅट नॉमिनीचा, बाकीच्या वारसांनी उगाच वाद घालू नये. ते म्हणतात, नॉमिनी नुसता सांभाळणारा, हक्क सगळ्या वारसांचा. सोबत कागद जोडलेत. दोनदा वाचले. बरोबर आहे त्यांचं.
लगेच शालन डोळ्यांपुढे आली. 

४ जुलै
शालन आमच्याच बी विंगमधली, तळमजल्यावरची. आईचं अंथरुणातलं सगळं तिने एकटीने काढलं. त्यात लग्न राहून गेलं. आई गेली, तर कागदावर नॉमिनी भाऊ, प्रदीप. मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी. पोर विचारायला आलेली, "काका, माझा काहीच हक्क नाही का हो?" मी मासिक पुढे केलं. "बघ, छापलंय." लिहिणारा मीच! तिने ना-हरकतवर सही केली. प्रदीपने वर्षाच्या आत फ्लॅट विकला. ती विठ्ठलवाडीला, भाड्याच्या खोलीत.
जन्मभर मानपाड्याच्या कंपनीत फिटर. कायदा पुस्तकं वाचून शिकलो. तेवढ्यावर केवढा तोरा…

७ जुलै
संपादकांना फोन. चुकलंय, छापा म्हटलं.
"अण्णा, चूक कशाला म्हणताय? 'सुधारित माहिती' म्हणून चार ओळी टाकू. नाहीतर सदरावरचा विश्वास उडेल हो लोकांचा."
म्हटलं, उडू दे.
सौ. भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "छापायचं ते छापा. आधी त्या पोरीकडे जा."

९ जुलै
गेलो नाही. गुडघा दुखतोय असं सांगितलं. सौ.ने बाम आणून पुढ्यात ठेवला. 

१२ जुलै
विठ्ठलवाडी. एकच खोली, पण लख्ख. शालनने चहा टाकला, सौ.ची चौकशी केली. सगळं सांगून टाकलं. ती चहा गाळत होती, ती गाळतच राहिली.
"मैत्रिणीने वकील बघून दिलेला, काका. तुमचं वाचलं आणि गेलेच नाही. म्हटलं, काका लिहितायत म्हणजे तसंच असणार."
ओरडली असती तर बरं झालं असतं.
कल्याणच्या वकिलाला विचारून गेलेलो. सही दिलीय, फ्लॅट विकला गेलाय, अवघड आहे. पण प्रदीपकडे तिचा हिस्सा मागता येईल. तेही सांगितलं.
"प्रदीप राखीला येतो, काका. माझ्याकडे येणारा तेवढा एकच."


१५ जुलै
मासिकाला मजकूर पाठवला. मथळा: 'माझी चूक'. तिचं नाव नाही, माझं आहे. सदर काढून घेतलं तरी चालेल असं खाली लिहिलं.

१८ जुलै
संपादकांचं उत्तर नाही.
सकाळी शालनचा फोन. मी सांगितलं, कल्याणच्या वकिलांनी सोमवारची वेळ दिलीय. येते म्हणाली नाही, नाही येत असंही नाही. विचारलं एवढंच, "काका, आईच्या नावाचं फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट होतं, त्याची झेरॉक्स असेल का सोसायटीच्या ऑफिसात?"
जुन्या फाइलीत मिळाली. कडा पिवळ्या, पण आईचं नाव स्वच्छ वाचता येतं. वकिलाला दाखवायला हवीय की नुसती जवळ ठेवायला, ते तिने सांगितलं नाही. मलाही विचारवलं नाही.