हिरव्या लुगड्याचे देश

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची माझ्यावर कधी वेळच आली नाही. माहेरी गेले तरी दोन दिवसांत तुम्ही सायकल काढून दारात हजर असायचात. आता मात्र असे गेलात, की दुसरा इलाजच ठेवला नाहीत. तरी लिहिणार नव्हते. पण आज दुपारी पल्लवी झेंडे मागायला आली होती. बोलता बोलता ती असं काही सांगून गेली, की ते तुम्हाला कळवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पल्लवी ओळखलीत ना? तुमच्या सातवीच्या वर्गातली, खालच्या आळीतली, दोन वेण्यांची. आता ती आपल्याच गावच्या शाळेत मॅडम आहे. तुमचा भूगोल तीच शिकवते आणि पोरांचे खेळही तीच घेते. टीव्हीवर परत ऑलिंपिक सुरू झालंय आणि तिला तुमचा तो देशांचा खेळ पुन्हा सुरू करायचा आहे.

तो कसा सुरू झाला होता, आठवतं? आपण ओसरीवर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसलो होतो. घरात पोरं टीव्हीपुढे. भारताचा खेळाडू हरला, तशी सगळी उठून चालती झाली. तुम्ही हातातली जुडी तशीच ठेवलीत. "दुनियाभरचे लोक आले आन् हे पोट्टे एकालेच पाहून राह्यले!" दुसऱ्या दिवशी माझी भाजीची टोपली शाळेत गेली आणि तिच्यात चिठ्ठ्या पडल्या. ज्याला जो देश निघेल, तो ऑलिंपिक संपेपर्यंत त्याचा. भारत कोणालाच नाही, कारण तो सगळ्यांचाच. आपल्या देशात लोक काय खातात, भेटल्यावर काय म्हणतात, ते ज्याचं त्यानं शोधून आणायचं. आणि आपला देश हरला, की जिंकलेल्या देशाच्या पोराशी प्रार्थनेआधी जाऊन हात मिळवायचा. किती नियम तुमचे!

शेताच्या धुऱ्याच्या वादावरून बोलणं बंद असलेल्या दोन घरांतली पोरं, एकाचा जपान आणि एकाचा केनिया. केनिया जिंकला त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून जपान थेट केनियाच्या घरी गेला. त्याच्या आईला काय करावं सुचेना, तिनं चहा केला. नंतर तुम्ही गावभर सांगत फिरलात. दोन्ही घरं आजही बोलत नाहीत, हे मात्र तुम्ही कोणाला सांगत नव्हतात.

शेवटच्या दिवशी मिरवणूक. ऑलिंपिकच्या समारोपाला खेळाडू ज्याच्या-त्याच्या देशामागे चालत नाहीत, सगळे एकमेकांत मिसळून चालतात, म्हणून आपली पोरंही तशीच चालायची. कागदाचे झेंडे पावसात विरघळले, तेव्हा तुमची नजर माझ्या पेटीवर गेली. आंजीच्या बाजारातून वांगी विकून घरी येते तो काय, माझं हिरवं लुगडं जमिनीवर पसरलेलं आणि तुमच्या हातात कात्री! सातव्या महिन्यात माझ्या आईनं मला नेसवलेलं लुगडं होतं हो ते. तेव्हा जो पोटात होता, तो आता पुण्याला नोकरी करतो आणि रविवारी फोन करतो. विचारायचं तरी होतंत. विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाहीत ना?

कापलंच होतंत, मग शिवायला बसले. तुमच्या उपरण्याचा पिवळा लावून ब्राझील केला. मामंजींच्या धोतराची पट्टी मधे घालून नायजेरिया. लाल पोलक्याचा गोळा लावून बांगलादेश. आणि उरलेल्या हिरव्यावर पांढरी चंद्रकोर टाचली, तो पाकिस्तान. चंद्रकोर जमेना, तर तुम्ही वाटीची कड धरून आखून दिलीत. तेव्हा कोणाच्या मनातही काही आलं नव्हतं.

पुढच्या ऑलिंपिकला पाकिस्तानची चिठ्ठी पल्लवीला निघाली. तिचा काका फौजेत. मिरवणुकीच्या सकाळी पोरं मैदानात उभी होती आणि चार माणसं फाटकातून आत आली. तिचे बाबा सगळ्यांच्या पुढे. "गुरुजी, माहा भाऊ तिकडे बंदूक घेऊन उभा हाय, आन् तुमी माह्या पोरीच्या हाती हे काऊन देऊन राह्यले?" तुम्ही समजावायला गेलात. कोणी ऐकलं नाही. तुम्ही पल्लवीच्या हातातला झेंडा घेतलात, घडी केलीत आणि पोरांना वर्गात पाठवलंत. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही ताट बाजूला सारलंत.

मी म्हटलं, "येक झेंडा काढून टाकला असता तं काय बिघडलं असतं?" तुम्ही म्हणालात, "ज्याच्याशी पटते त्याच्याशी हात मिळवणं शिकवा लागते का?" मला काही ते पटलं नाही. मी चिडून शेतात निघून गेले. आजही मी त्याच मतावर आहे. तुम्ही बरोबर होतात असं म्हणायला हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

त्यानंतर तुम्ही टोपली शाळेत नेली नाहीत. रिटायर होईपर्यंत पुस्तकातला भूगोल शिकवलात. ऑलिंपिक आलं की टीव्हीचा आवाज बारीक करून एकटेच बघत बसायचात. सेवाग्रामच्या दवाखान्यात, बोलणं जड झालं होतं तेव्हाही मला म्हणालात, "झेंड्याले ऊन दाखवत जाजो." माझ्यासाठी काही म्हणाला नाहीत! मी रडले ते थोडं त्याचंही होतं.

तर आज पल्लवी आली. मी पेटी उघडून दिली. ती झेंडे मोजू लागली आणि चंद्रकोरीच्या हिरव्यापाशी थांबली. "काकू, गावातले लोक मिरवणुकीले हो म्हनते. पन हा येक बाजूले ठेवा ना."

मला वाटलं, लोकांना भिते. तसं बोलूनही दाखवलं. तिनं मान हलवली.

"लोकाईचं नाई काकू, माहंच सांगतो. मले पोरं वर्षभर पाकिस्तानवाली म्हनत. डब्बा खाले कोनी जवळ बसत नव्हतं. आपली शाळा सोडून मामाच्या गावाले गेलतो ना मी आठवीले, ते त्याच्याच पायी. माह्या वर्गातल्या कोन्या पोरीच्या वाट्याले हे याले नाई पायजे."

"मंग सरले काऊन नाई सांगतलं?"

"सरले लय वाईट वाटलं असतं."

अहो, तुम्हाला माहीत होतं का हे? खरं सांगा. झेंडा घडी करून पेटीत ठेवलात, पण ती पोरगी कुठे बसते, कोणाबरोबर डबा खाते, ते पाहिलंत का? मामाचं गाव चांगलं, तिथली शाळा मोठी, असं आपण दोघं तेव्हा ओसरीवर बसून बोललो होतो. जगाला शांती शिकवायला निघालेला माझा नवरा, आणि त्याच्या डोळ्यांदेखत एक लेकरू एकटं पडलं! मला तुमचा राग आला. मग तुमची कीव आली. हे ऐकून तुम्ही किती दिवस जेवला नसतात, ते मला माहीत आहे. नाही कळलं तुम्हाला, तेच बरं झालं असं वाटलं, आणि तसं वाटल्याचाही राग आला.

पल्लवीचं खोटं नाही. पोरीच्या हाती ते पुन्हा नको. मी तो झेंडा उचलून वेगळा ठेवायला गेले, पण हात पुढे होईना. बाजेवर चारही हिरवे शेजारी शेजारी होते. आईनं वर्धेच्या बाजारात घासाघीस करून घेतलेलं लुगडं. त्यातले तीन गावात मिरवायचे आणि चौथा पेटीत कोंडायचा, असा काय गुन्हा केला माझ्या लुगड्यानं? तुमच्या दुनियेचं मला फार कळत नाही. पण ते सूत माझं आहे, ते मला कळतं.

मी म्हटलं, "पल्लवी, हा कोन्याच पोराले देऊ नको. याची चिठ्ठीच टाकू नको टोपलीत. हा मी धरतो."

ती म्हणाली, "काकू, तुमालेही बोलतीन लोक. सरले जाऊन वर्ष नाई झालं अजून."

"बोलू दे. मले कोन्या वर्गात बसाचं हाय? डब्बा मी तसाही एकलीच खातो."

ती रडली. मी नाही रडले. तिला चहा दिला. बाकीचे झेंडे घेऊन ती गेली. गावातले लोक काय म्हणतील, मला घेऊन मिरवणूक निघू देतील की त्या दिवशी पुन्हा फाटकात उभे राहतील, ठाऊक नाही. पल्लवीलाही ठाऊक नाही. जाताना तिनं माझ्या पायाला हात लावला, एवढंच.

तुम्हाला वचन देते. त्या दिवशी मी शाळेत जाईन. फाटक बंद असलं तर फाटकाबाहेर उभी राहीन. आणि पोरं निघाली, तर मला तुमच्या नियमासारखं मधेबिधे चालता येणार नाही, गुडघे दुखतात. मी पल्लवीच्या शेजारून चालेन. त्या वर्षी तिच्या शेजारी कोणीतरी चालायला हवं होतं.

अजून रागावलेली,
तुमची विमल