किंबहुनाचं वजन

२७ ऑगस्ट, मंगळवार
आज कॉलेजच्या रायटिंग सेंटरमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांना निबंधात मदत करतात तिथे, रुजू झालो. गळ्यात ओळखपत्र : रॉयस हॅवरकॅम्प, पिअर ट्यूटर. पिअर म्हणजे बरोबरीचा. या शब्दाला माझा आक्षेप आहे, पण कार्ड छापून झालं होतं.

बरोबरीचं इथे कोण आहे? युनिव्हर्सिटीने ज्यांना दारातूनच परत पाठवलं, ती सगळी मंडळी या कॉलेजात येतात. मी इथे आहे ते वेगळ्या कारणाने. त्या वर्षी अर्जाची वेबसाइट नीट चालत नव्हती, आणि माझ्या लक्षात आलं तोवर तारीख उलटून गेली होती.

संकल्प : डिसेंबरपर्यंत हेड ट्यूटर व्हायचं. स्पर्धा नाहीच म्हणा. दुसरी ट्यूटर इट्झेल बराहास. एकोणीस वर्षांची, विद्यार्थी आला की आधी पाणी विचारते. हॉटेलात नोकरी करायला हवी होती.

२८ ऑगस्ट, बुधवार
सेंटरच्या प्रमुख सूझाबाईंनी नियम सांगितले. टेबलावर एकच पेन्सिल. ती विद्यार्थ्याच्या बाजूला ठेवायची. ट्यूटरने तिला हात लावायचा नाही. लिहिलेलं विद्यार्थ्याने स्वतः मोठ्याने वाचायचं. आणि सुरुवातीला विचारायचं, "आज तुला काय म्हणायचं आहे?"

मी विचारलं, समोरच्याला काही म्हणायचंच नसेल तर? बाई म्हणाल्या, थांबायचं. या कामाचे तासावर पैसे मिळतात हे बाईंना ठाऊक असावं.

५ सप्टेंबर, गुरुवार
बाहेर बदामांची काढणी सुरू झाली आहे. अख्ख्या गावावर धूळ. आत विद्यार्थ्यांची वाक्यं. धूळ परवडली.

आज नर्सिंगची एक मुलगी आली. काय म्हणायचं आहे विचारलं तर म्हणाली, स्वल्पविराम तेवढे बघून दे. मी जांभई देताना हात लांब केला आणि पेन्सिल सहज माझ्या हातात आली. पहिला परिच्छेद सुधारून होईपर्यंत सूझाबाई मागे येऊन उभ्या. त्यांनी पेन्सिल उचलून परत तिकडे ठेवली.

१० सप्टेंबर, मंगळवार
पेन्सिलीवरून पुन्हा तेच. बाई म्हणाल्या, "रॉयस, हातांवर बस."

मला वाटलं, ही बोलायची पद्धत आहे. नव्हती. वीस वर्षांपूर्वी बाई स्वतः अशाच शिकल्या म्हणे. संपूर्ण सेशन मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. हातांना मुंग्या आल्या. इट्झेलने तिकडून बघितलं आणि हसली. तिचे विद्यार्थी बोलतात, ती ऐकते. याला शिकवणं म्हणतात, यावर माझा विश्वास नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार
तोडगा सापडला. नियम हातांबद्दल आहे, जिभेबद्दल काही लिहिलेलं नाही. मी हातांवर बसतो आणि सांगतो. ते लिहून घेतात. पेन्सिल त्यांच्या बाजूला, भाषा माझ्या बाजूला. बाई शेजारून गेल्या, समाधानाने मान हलवली.

आणखी एक शोध : बहुतेक निबंधांना वजनच नसतं. त्यावर 'किंबहुना' हा रामबाण उपाय आहे. वाक्याच्या मध्ये घालायचा. आज तिघांना घालून दिला. तिघांचेही निबंध एकदम भारदस्त वाटायला लागले.

१७ सप्टेंबर, मंगळवार
सकाळी फ्रिजवर आईसाठी चिठ्ठी लावली होती : 'दूध संपलं आहे, किंबहुना ब्रेड आणावा.' संध्याकाळी दोन्ही नव्हतं. आई टायरच्या दुकानात काउंटरवर बसते. म्हणाली, किंबहुना म्हणजे आणायचा की नाही आणायचा, ते मला कळलं नाही, म्हणून मी काहीच आणलं नाही. घरात वाचनाचं वातावरणच नाही. कोरडे कॉर्नफ्लेक्स खाल्ले.

१ ऑक्टोबर, मंगळवार
आज हार्लन टिबेट्स नावाचा माणूस आला. साठीकडे झुकलेला. तीस वर्षं ट्रक चालवला, पाठ गेली, आता हॉस्पिटलात पेशंटला ऑक्सिजन लावणाऱ्यांचा कोर्स करायचा आहे. त्या कोर्सला प्रवेश हवा तर आधी निबंधाचा कोर्स पास व्हावा लागतो. हार्लन त्यात दोनदा नापास. ही तिसरी खेप, आणि चौथ्यांदा बसू देत नाहीत. म्हणजे या सत्रात पास झाला तर हॉस्पिटल, नाहीतर घरी बसून टीव्ही.

मी मनात म्हटलं, हीच ती केस. हार्लन पास झाला की बाई मला हेड ट्यूटर करणार. नाही म्हणतील कशा?

१६ ऑक्टोबर, बुधवार
हार्लनने मोठ्या निबंधाचा पहिला खर्डा आणला. विषय : तुम्हाला बदलून टाकणारा एक दिवस. नियमाप्रमाणे त्याने मोठ्याने वाचला. इथे उतरवून ठेवतो, पुढे उदाहरण म्हणून उपयोगी पडेल.

'बर्फ पडत होता. पोलिसांनी घाटात रस्ता बंद केला. माझ्या पुढच्या गाडीत एक म्हातारी होती. तिच्या नाकातली नळी शिटी वाजवत होती. सिलिंडर संपत आला होता. मला काय करावं ते कळेना. मी तिचा हात धरून बसलो.'

एक विशेषण नाही. एक उपमा नाही. तिसरीतलं पोर याहून बरं लिहील. वाचून झाल्यावर तो चष्मा पुसत राहिला. चष्मा आधीच स्वच्छ होता. तेवढ्या वेळात मी आराखडा तयार केला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
हार्लनबरोबर दोन सेशन. म्हातारी काढून टाकली. विषयाला धरून नव्हती. आता सुरुवात अशी आहे : 'मानवी जीवनाच्या हिमाच्छादित महामार्गावर निसर्गाच्या रौद्र स्वरूपाची अनुभूती किंबहुना अटळ असते.'

हार्लनने एकेक शब्द लिहून घेतला. स्पेलिंग विचारत होता. मग पान लांब धरून बघितलं आणि म्हणाला, हे मी म्हटलं? मी म्हटलं, तुम्हाला हेच म्हणायचं होतं. तो म्हणाला, तसं असेल तर बरंय पोरा, तुला जास्त कळतं.

माणूस अडाणी आहे, पण पारख आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार
हार्लनने निबंध दिला. त्याच्या कोर्सचे नाकामूरा सर तपासतील. इट्झेलने विचारलं, हार्लनच्या निबंधात ती म्हातारी राहिली ना? त्याने पाणी घेताना तिला ती गोष्ट सांगितली होती म्हणे. मी म्हटलं, ती कापली. इट्झेल माझ्याकडे बघतच राहिली. मत्सर, दुसरं काय.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
जरा विचित्र बातमी. नाकामूरा सरांकडे निबंधाचे तीन वर्ग आहेत. त्यांत अकरा निबंध असे निघाले, ज्यांत 'किंबहुना' आहे. सरांनी सूझाबाईंना फोन करून विचारलं, तुमच्या सेंटरमध्ये काही साथ आली आहे का? हे बाईंनी सर्वांसमोर सांगितलं. इट्झेल खोकण्याचं निमित्त करून बाहेर गेली.

प्रभाव हा असाच पसरतो. अकराच का, हा खरा प्रश्न आहे. मी निदान वीस जणांना दिला होता.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
सरांनी हार्लनला बोलावलं. हा निबंध तुमचा नाही, असं त्यांचं म्हणणं. मशीनकडून लिहून घेतला का, असंही विचारलं. (मशीन! माझ्या गद्याला!) सिद्ध करता आलं नाही तर शून्य. शून्य म्हणजे कोर्स गेला, आणि चौथी खेप नाही.

हार्लन थेट सेंटरवर आला. टोपी हातात. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"पोरा, किंबहुना म्हणजे काय?"

मी म्हटलं, त्याने वाक्याला वजन येतं.

"वजन मी तीस वर्षं वाहिलं. अर्थ सांग. उद्या मला विचारणार आहेत."

मी सांगणारच होतो. पण संदर्भाशिवाय शब्दाचा अर्थ सांगणं हे अशास्त्रीय आहे. मी तसं म्हटलं. हार्लनने टोपी घातली आणि गेला. टेबलावरची पेन्सिल त्याने जाताना सरळ करून ठेवली.

माणसाने परीक्षेला जाताना स्वतःचा निबंध नीट वाचून जायला नको का? सगळं मीच करायचं?

२० नोव्हेंबर, बुधवार
घरी शब्दकोश नाही. फोनची बॅटरी उतरली होती. उद्या बघू.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
हार्लनने सरांना खरं ते सांगून टाकलं. शब्द माझे नाहीत, सेंटरमध्ये मिळाले, मला वाटलं अभ्यासाची हीच पद्धत असते. मग सरांनी विचारलं, तुमचा त्या घाटातला दिवस कसा होता? हार्लन बोलायला लागला. सरांनी पेन्सिल त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, हेच लिहा, इथेच बसून. तास संपेपर्यंत तो लिहीत होता. हे मला इट्झेलने सांगितलं. तिला सगळं कसं कळतं कोण जाणे. पाण्याचा परिणाम असावा.

त्यानंतर सूझाबाईंनी मला आत बोलावलं. मी वाटेत आभाराचं भाषण जुळवलं होतं, कारण हेड ट्यूटरची घोषणा जवळ आली होती. बाईंनी दार लावलं. म्हणाल्या, पेन्सिलीला हात न लावता कुणाचा निबंध चोरता येतो, हे मी वीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं. मला आधी वाटलं कौतुक आहे. सूर तसा नव्हता.

उरलेल्या सत्रात सेशन बंद. पुढच्या सत्रात यायचं असेल तर एक पान लिहून द्यायचं : या सत्रात मी काय ऐकलं. तोपर्यंत प्रिंटरमध्ये कागद भरायचे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
थँक्सगिव्हिंग. टर्की कोरडी झाली. मामांनी विचारलं, कॉलेजात काय करतोस? आई म्हणाली, प्रिंटरवर आहे. मी म्हटलं, संक्रमणाचा काळ आहे, किंबहुना विश्रांती. मामांनी ग्रेव्ही मागितली.

३ डिसेंबर, मंगळवार
सकाळपासून धुकं, शंभर पावलांवरचं दिसत नाही. हार्लन गुलाबी खोकं घेऊन आला, डोनट. पास झाला. सी ग्रेड. नुसता सी. माझा खर्डा सरांनी स्वीकारला असता तर ए कुठे गेला नव्हता, पण असो.

त्याने इट्झेलला मिठी मारली. सूझाबाईंचा हात हातात घेऊन बराच वेळ काहीतरी सांगत होता. जानेवारीपासून त्याचा हॉस्पिटलचा कोर्स सुरू. माझी अपेक्षा होती की माझ्याकडे बघणारही नाही. पण प्रिंटरपाशी आला, खोकं पुढे केलं आणि म्हणाला, घे रे पोरा, जेली असलेला घे.

रागावला असता तर मला उत्तर देता आलं असतं. मी तयार ठेवलं होतं. जेलीचा घेतला.

५ डिसेंबर, गुरुवार
हेड ट्यूटर : इट्झेल बराहास. टाळ्या. मी प्रिंटरमध्ये कागद भरत होतो, त्यामुळे मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

बाईंना द्यायचं पान लिहून टाकलं. एक मागितलं होतं, तीन झाली. सुरुवात : 'श्रवण ही मानवी अस्तित्वाची किंबहुना गंगोत्री होय.' यावर बाईंना बोलायला जागा नाही.

१० डिसेंबर, मंगळवार
तिन्ही पानं परत आली. वर बाईंच्या अक्षरात एकच ओळ : 'अपॉइंटमेंट घे.'

मला वाटलं बाईंची. बाहेर विचारलं तर म्हणाले, सेंटरची. इतर विद्यार्थी घेतात तशी. ट्यूटर : इट्झेल.

ठरवलं आहे की शांत राहायचं. तिला फार तर दोन स्वल्पविराम सापडतील. कदाचित तीच काही शिकून जाईल.

१२ डिसेंबर, गुरुवार
गेलो. तिने पाणी विचारलं. नको म्हटलं, मग घेतलं.

टेबलावर पेन्सिल. माझ्या बाजूला. अख्खं सत्र जिच्यासाठी धडपडलो ती आज कुणी न मागता समोर होती. उचलली. इट्झेलने हात मांडीवर ठेवले आणि विचारलं, "आज तुला काय म्हणायचं आहे?"

मी वाट बघितली. मला वाटलं आता ही सांगायला लागेल आणि मी लिहून घेईन. ती काही सांगेना. शेजारच्या टेबलावर कुणाचं तरी सेशन संपलं, दुसरं सुरू झालं. ही मुलगी थांबू शकते, हे मी याआधी लक्षात घेतलं नव्हतं.

शेवटी म्हटलं, बाईंना नम्रपणा आवडतो, तर नम्रपणा देऊ. लिहिलं : 'मी हार्लन टिबेट्स यांचं फारसं ऐकलं नाही. किंबहुना, काहीच ऐकलं नाही.' आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचलं.

वाचताना मध्येच उरलेलं पाणी पिऊन टाकलं. धुक्याने तहान लागत असावी.

"आता तो शब्द बरोबर बसला," इट्झेल म्हणाली. हसली नाही. मला खोडायचं होतं, पण ती बघत होती.

मग तिने विचारलं, पहिल्या खर्ड्यात हार्लनने काय वाचून दाखवलं होतं, आठवतंय का? मी म्हटलं, त्यात वजन नव्हतं. ती म्हणाली, वजन नाही विचारलं. काय वाचलं होतं?

आठवत होतं. सगळं आठवत होतं, अगदी त्या नळीच्या शिटीसकट. एखादं विशेषण सुचतंय का बघितलं. सुचलं नाही. पेन्सिल माझ्याच हातात होती.

मी लिहिलं, बर्फ पडत होता.