लेकीचा उपास

१ मार्च २००६, बुधवार
राखेचा बुधवार. आजपासून ईस्टरपर्यंत उपासाचे चाळीस दिवस. संध्याकाळच्या भक्तीले दोघंबी गेलतो, मी अन् आमचे हे. पिठाची चक्की लवकर बंद केली.
पाद्रीसाहेबानं (पा. सा.) यंदा नवीनच काढलं. ते नगरकडचे, शुद्ध बोलतात. म्हणे, चाळीस दिवस मटण सोडता, चहा सोडता, ठीक आहे. या वर्षी जे सोडायला जड जातं ते सोडा. सगळ्याइले एकेक चिठ्ठी देली. लिहायचं, घडी करायची, पेटीत टाकायची. नाव लिहायचं नाही. ईस्टरच्या पहाटे पेटी उघडून सगळ्या चिठ्ठ्या जाळणार.
बाजूले बसलेल्या मनोरमाबाईनं साखर लिहिली, मले दाखवून लिहिली. ह्याइनं सुपारी. माही चिठ्ठी कोरी. तेवढ्यात पा. सा. म्हणे, "काही जणांना आपल्या लेकरांची फुशारकी सोडणं जड जाईल." पाहे कोणाकडं? माह्याकडं. दोन-चार माना वळल्या.
राग आला. रागातच लिहिलं, लेकीची, करुणाची तारीफ करणार नाही, कोणाजवळच नाही, ईस्टरपर्यंत. टाकली पेटीत.

२ मार्च, गुरुवार
पहिला दिवस. सकाळी देवरावभाऊ गहू घेऊन आले खेड्यावरून. डबा खाली ठेवता ठेवता रोजच्यासारखं, "काय म्हणते नागपूरची नर्सबाई?"
मी म्हटलं, बरी आहे.
ते थांबून राह्यले. दोन वर्षांत ह्या प्रश्नाले माह्याकडून अर्ध्या तासाखाली उत्तर भेटलं नाही त्याइले. शेवटी ह्याइले बाजूले घेऊन विचारलं, पोरीची तब्येत तर ठीक आहे ना. संध्याकाळपर्यंत तिघाइनं विचारलं.
जीभ दुखते का न बोलल्यानं? माही दुखून राह्यली.

५ मार्च, रविवार
देवळानंतर चहा. मनोरमाबाई बिनसाखरेचा घोट घेते अन् आपल्या पुण्याच्या पोराचं सांगते. कंपनीची गाडी घ्याले येते म्हणे. मी बिस्किट खाल्लं. मग दुसरं खाल्लं. मग हे म्हणे, चाल आता घरी, पुडा संपून राह्यला.

११ मार्च, शनिवार
क. आली. (दिवसातून शंभरदा पूर्ण नाव कोण लिहीन.) न सांगता, ट्रंक घेऊन. दीड महिन्याची सुट्टी टाकली दवाखान्यात.
जेवताना सांगतलं. झरी जामणीकडं जंगलातल्या एका गावात पाच खाटांचा दवाखाना आहे, एक म्हातारी डॉक्टरीणबाई चालवते. जानेवारीत कॅम्पले गेलती ती तिथंच. बाईनं बोलावलं, कायमचं. ईस्टरपर्यंत हो-नाही कळवायचं.
"आई, तुहं काय म्हणणं आहे?"
मी म्हटलं, भाजी घे.
इथं खरं लिहितो. झरी ऐकलं अन् आधी चक्की आठवली. दोन वर्षं चक्कीवर मी काय सांगून राह्यली? आठ मजली दवाखाना, लिफ्ट, एसी, हिच्या हाताखाली चार पोरी. आता लोकाइले काय सांगू, कुडाच्या भिंती? मग आठवलं, उपासच आहे, सांगाचंच नाही. हायसं वाटलं. अन् हायसं वाटल्याची लाज वाटली.

१५ मार्च, बुधवार
धुळवड. चक्की बंद. गल्लीतल्या पोट्ट्याइनं ह्याइले निळे करून सोडलं. क. नं अंगणात बसवून बापाचं डोकं घासून देलं, दोघं हसून राह्यलते. मी दारात उभी.
रोजनिशीत लिहिणं तारीफ होते का? विचारा लागन.

२२ मार्च, बुधवार
क. तीन दिवस झरीकडं जाऊन आज आली. ओढणीत मोहफुलं बांधून आणली, घरभर वास. डोळे कसे चमकून राह्यलते. सांगे, तिथली एक कोलाम आदिवासी बुढी रोज सकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसते, आजार काही नाही, फक्त हिनं नाडी पाहावी म्हणून हात पुढं करते. सांगे, बाया दोन कोस चालून येतात अन् आधी हिले पाणी विचारतात.
मी म्हटलं, हं.
पुन्हा काही सांगतलं. मी म्हटलं, हं, दूध उतू जाईन.
मग तिनं सांगणं बंद केलं. मोहफुलं टोपलीत पसरवून ठेवली अन् झोपाले गेली.
हे म्हणे, "तुले झालं काय?"
"उपास आहे ना माहा."
"उपास भाकरीचा असते. लेकीचा कुठं असते?"
ह्या माणसाले सुपारी सोडल्यापासून भल्लं सुचून राह्यलं.

२६ मार्च, रविवार
देवरावभाऊ दुपारी. त्याइची पऱ्हाटी उपटून झाली. कापसाचं विचारलं तर हात हालवला, राहू द्या म्हणे. बसून राह्यले. मग म्हणे, "बाई, एक सांगू? पेपर उघडला का आमच्याच गावाकडच्या बातम्या, कोण्या शेतकऱ्यानं औषध घेतलं अशाच. घरी बोलणंबी तेच. तुमच्या पोट्टीचं ऐकत होतो तर तेवढा वेळ बरं वाटे. काहून बंद केलं?"
मले वाटे लोकं कंटाळतात. दळण देलं.

३० मार्च, गुरुवार
पाडवा. समोरच्या घरी गुढी. कडुलिंब अन् गूळ त्याइनं आणून देला, आम्ही त्याइच्या पुरणपोळीसाठी तूप घेऊन गेलो, दरसालचं.
दुपारी क. बापाशी बोलून राह्यलती मागच्या अंगणात. मी आत पीठ चाळत होती, दोघाइलेबी माहीत नाही.
"बाबा, मी बाईले नाही कळवून टाकतो. नागपूरलेच जातो परत."
"काहून?"
"आईले लाज वाटून राह्यली. चक्कीवर सगळे मले विचारतात, तुही आई आता तुहं नावच घेत नाही. आधी किती सांगे म्हणतात. मले तर तेबी लोकाइकडूनच कळलं. मले तिनं कधीच काही सांगतलं नाही."
हे काय म्हणाले ऐकू आलं नाही. चाळणी हातात तशीच होती माह्या.
बरोबर आहे पोरीचं. पूर्ण यवतमाळले सांगतलं, हिलेच सांगतलं नाही. कधीच. माही आई म्हणे, लेकराची तोंडावर तारीफ केली का दृष्ट लागते. आम्ही ख्रिस्ती लोकं, दृष्टबिष्ट मानत नाही, देवळात तसं बोलतोबी. पण मी मानत आली. चोवीस वर्षं.

२ एप्रिल, रविवार
भक्तीनंतर पा. सा. ले गाठलं. म्हटलं, साहेब, माही चिठ्ठी परत द्या.
"पेटीला कुलूप आहे. आणि तुमची कोणती, मला काय ठाऊक? नाव लिहायचं नव्हतं."
मग सगळंच सांगतलं, उभ्या उभ्या. झरीचं, लिफ्टचं, मागच्या अंगणाचं. मले वाटलं हसतीन. नाही हसले. म्हणे, "सुशीलाबाई, शब्बाथशाळेत तुम्ही पोरांना येशूचा बाप्तिस्मा शिकवता. आकाशातून आवाज आला. बाप काय बोलला?"
म्हटलं, का हा माहा लेक आहे, मी याच्यावर खूश आहे.
"तोवर लेकानं काय करून दाखवलं होतं?"
मी विचार केला. काहीच नाही. एक आजारी बरा केला नव्हता, एक भाकर वाढवली नव्हती. गावात सुतारकाम करे.
"तरी बापानं आधीच सांगून टाकलं," पा. सा. म्हणे, "लेकाला ऐकू जाईल असं."
मले रागच आला. वीस वर्षं मी शिकवून राह्यली तो धडा. चहा न घेता घरी आली.

९ एप्रिल, रविवार
झावळ्यांचा रविवार. क. नं लहान पोराइले शिंदीच्या झावळ्या वाटल्या, एकानं दुसऱ्याच्या डोळ्यात घातली, तिनंच डोळा धुऊन देला.
आठ दिवस झाले, सांगतो सांगतो म्हणतो अन् तोंड उघडलं का भाजी घे निघते. काल जवळ जाऊन बसली. म्हटलं, करुणा. ती म्हणे, काय? म्हटलं, केस किती गळून राह्यले तुहे.
दुसरी अडचण अशी का काय सांगू हेच कळत नाही. लिफ्ट काढली, एसी काढला, हाताखालच्या चार पोरी काढल्या, तर माह्याजवळ उरलं काय? पोरीचं तर मी कधी सांगतलंच नाही, दवाखान्याचंच सांगे.
मग एक आठवलं. क. चौदाची. ह्याइचं बोट चक्कीच्या पट्ट्यात गेलतं. मी किंचाळून राह्यली, लोकं धावले, अन् हिनं बापाचा हात वर धरला, ओढणी फाडून बांधलं, रिक्षात बसवलं, दवाखान्यापर्यंत हात खाली येऊ देला नाही. रडली नाही. घरी आली, पीठ सांडलं होतं ते झाडलं, मग कोपऱ्यात बसून रडली.
हे मी कोणालेच सांगतलं नाही आजपर्यंत. यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.
गुरुवारी ती बाईले चिठ्ठी टाकणार आहे. नाही म्हणून.

१३ एप्रिल, गुरुवार
केसातलं पीठ अजून झाडलं नाही. लिहितोच.
सकाळी चक्कीवर गर्दी. लाइट अकराले जाते, त्याच्या आत सगळ्याइले दळण पाहिजे. सहा-सात जण, देवरावभाऊ, मनोरमाबाईबी. क. पीठ भरून राह्यलती. तिच्या पिशवीतून पोस्टाचं पाकीट दिसून राह्यलतं. दळण झालं का टाकाले जाणार.
चक्की चालू असली का बाजूच्या माणसाशीबी ओरडूनच बोला लागते. मनात आलं, आत्ताच. एवढ्या आवाजात म्हटलं तर म्हटल्यासारखंबी होईन अन् लोकाइले ऐकू जाणार नाही. तिच्या कानाशी गेली अन् सगळा जीव लावून ओरडली, करुणा, तू माही लेक आहे, मी भल्ली खूश आहे तुह्यावर, तू नागपूरले राह्य का झरीले जाय, बोट कापलं तेव्हापासून खूश आहे.
"माही लेक" पर्यंत चक्की चालू होती. मग लाइट गेली. अकराची, दहा वीसले. पट्टा थांबला अन् बाकीचं सगळं शांततेत, माह्या पूर्ण आवाजात, गल्लीच्या टोकापर्यंत.
मनोरमाबाईच्या हातातला डबा अर्धा उघडा. हे पट्ट्याजवळ उभे, आपलं बोट पाहून हसून राह्यलते.
क. पिठानं पांढरी. म्हणे, "हळू बोल ना आई. ऐकू येते मले."
मग रडली. मीबी. पिठाचा लगदा झाला दोघींच्या तोंडावर. देवरावभाऊ म्हणे, "हं, आता झरीचं काय आहे ते सांगा, लाइट येईपर्यंत मी रिकामाच आहे."
सांगतलं. म्हणजे क. नं सांगतलं, मी मधात मधात.
पाकीट गेलं नाही. उपास मोडला, तीन दिवस बाकी असताना.

१४ एप्रिल, शुक्रवार
गुड फ्रायडे अन् जयंती एकाच दिवशी. देवळात तीन तास शांत, बाहेर बँड. भक्ती झाल्यावर पोराइनं मिरवणुकीतल्या लोकाइले माठातलं पाणी वाटलं. क. बी होती. उन्हानं एका आजीले चक्कर आली, तिनं सावलीत बसवलं, नाडी पाह्यली. मनोरमाबाई माह्या बाजूले. मी गप्प. आज जड गेलं नाही.

१६ एप्रिल, रविवार
ईस्टर. पहाटे मैदानात भक्ती, थंडगार हवा. पा. सा. नं पेटी उघडली, चिठ्ठ्या थाळीत घेऊन पेटवल्या. आधीच जाऊन सांगतलं त्याइले, साहेब, माहा उपास मोडला. म्हणे, "गल्लीनं ऐकलं म्हणतात." अन् काडी लावली.
उपकारस्तुतीले, देवाचे आभार मानाले, उभी राह्यली. सगळे अर्ध्या तासाच्या तयारीनं सरसावून बसले, एका पोट्ट्यानं तर मैदानाच्या भिंतीले पाठ टेकवली. दोनच वाक्यं बोलली. देवा, तू लेक राखाले देली होती. ती जिथं जाईन तिथं तूच राख. बसली. पा. सा. नं घड्याळ पाह्यलं, मग माह्याकडं.
घरी आल्यावर ह्याइनं चाळीस दिवसानंतरची पहिली सुपारी खाल्ली. म्हणे काही मजा नाही आली.

१७ एप्रिल, सोमवार
क. गेली. झरीकडची सकाळची बस. तीन महिने राहून पाहतो म्हणे, नाही जमलं तर नागपूरले अजून रस्ता आहे. जमन का नाही, तिलेबी माहीत नाही. ट्रंकीत तीळ-जवसाची चटणी, शेवया अन् बापाची जुनी बॅटरी.
खिडकीशी बसली. म्हणे, "आई, ते चक्कीवरचं पुन्हा एकदा म्हण ना. हळू."
बस स्टँडवर एवढी लोकं. इकडं तिकडं पाह्यलं, जवळ गेली, टाच वर केली अन् म्हटलं. तेवढ्यात डायवरनं गाडी सुरू केली, खिडक्या नुसत्या खडखडून राह्यल्या. ऐकू गेलं का नाही, काय मालूम. तिनं हात हालवला. पण हात तर ती सगळ्याइलेच हालवून राह्यलती.