शिडीवालीने माफ केलं ते प्रकरण

रविवार, १७ ऑगस्ट
दुपारचे दोन

प्रिय शिडे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू तोंड वाकडं केलं असशील. तरी फाडू नकोस. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, साइटवर केलंस, मेलला उत्तर नाही. राहिला फक्त पोस्टमन, त्याला काही तुला ब्लॉक करता येणार नाही.

आम्ही सगळे ठीक आहोत. लेक माझ्यापेक्षा उंच झालीये आणि उंचीच्या मानाने उलटंही बोलते. नवऱ्याची पाठ धरलीये, तोंड मात्र मोकळं आहे. लॅबमध्ये तुझ्या टेबलावर नवीन मुलगी आलीये. कानात गाणी घालून कवळ्या पॉलिश करते, हाक मारली तर तिसऱ्या हाकेला वळते. परवा तिने एका आजोबांच्या कवळीचा पुढचा दात चाकावर उडवला, तो थेट मालकांच्या डब्यात. मालक हसले. आपण उडवला असता तर महिनाभर ऐकून घेतलं असतं. तू कशी आहेस?

झाली ख्यालीखुशाली. आता मुद्द्याचं बोलते.

सोमवारी साइटवरून मेल आली. ‘आपल्या सहलेखिकेने ही कथा कायमची काढून टाकण्याची विनंती केली आहे. दोघींची संमती आवश्यक. मुदत पंधरा दिवस.’ खाली दोन चौकोन, आणि तुझ्या चौकोनात टिक आधीच. नऊ वर्षं, साठ प्रकरणं, आणि तू एक टिक मारून मोकळी झालीस. मी संमती देणार नाही. जेवणाच्या सुट्टीत ऑर्डरच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहिलेलं आहे ते. हाताला मेण, बोटांना प्लास्टरची भुकटी, आणि तरी आपण लिहायचो. ते तू एकटीने कसं पुसणार? अर्धं माझं आहे.

आणि हे तू का करतेयस ते मला कळत नाही अशातला भाग नाही. तुझी नवी कथा मी वाचली. एकटीची. तीनदा वाचली.

राग मानू नकोस, पण ती कथा मला पटली नाही. लिहिणारी म्हणून सांगते, मैत्रीण म्हणून नाही. आगीच्या बंबाची ती मालिका चॅनेलने दुसऱ्या पर्वातच गुंडाळली, तेव्हा तू चिडून म्हणाली होतीस, त्यांना पुढचं लिहिता येत नसेल तर आपण लिहू. बंब चालवणारी ड्रायव्हर मी घेतली, शिडीवर चढणारी तू घेतलीस. नवरा अजून म्हणतो, ‘तुमचं फॅनफिक्शन म्हणजे दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहणं.’ म्हणू दे. नऊ वर्षं राहिलो तर भिंतींचा रंग तरी आपला झाला की नाही? ती ड्रायव्हर कशी आहे ते मला विचार. ती फटकळ आहे, आळशी आहे, स्वतःचं कौतुक ऐकायला कान टवकारून बसते. पण वर शिडीवाली असताना ती पंपावरचा हात काढणार नाही. तुझ्या कथेत ती काय करते? शिडीवाली तिसऱ्या मजल्यावर, पाठीवर म्हातारी बाई, आणि ही वायरलेसवर सांगते, ‘पंप बिघडलाय.’ पंप काही बिघडलेला नसतो. ही आपली केबिनमध्ये काच वर करून बसलेली.

का? तेच तू लिहिलेलं नाहीस. खाली वाचकांनी पण हेच विचारलंय. ‘ड्रायव्हर अशी वागणारच नाही.’ ‘एवढ्या जुन्या मैत्रीत असं करायला काहीतरी कारण लागतं.’ भांडण लिहिताना दोघींचंही थोडं थोडं खरं असावं लागतं, हे मला शिकवलं कोणी? मी ड्रायव्हरला देवी करत सुटले की तू लाल पेनने समासात लिहायचीस, ‘एवढी चांगली बाई तुला कधी भेटलीये का?’ मग आता एवढी वाईट बाई तुला कुठे भेटली?

एक सांगून टाकते, नाहीतर ते कुठूनतरी तुला कळेलच. ‘पात्रं समजून न घेता रागाच्या भरात लिहिलेली कथा’ अशी कमेंट आहे ना खाली, कुणा नवख्या नावाची? ती मी केली. लेकीच्या मेलवरून खातं काढलं. त्या कमेंटला चाळीस जणांनी पसंती दिली आणि मला फार बरं वाटलं. मग दिवसभर जेवण गेलं नाही.

इथवर लिहून उठले होते. कपडे वाळत घातले, परत बसले. पुढचं लिहायचं नव्हतं. पण चार पानांचं टपाल पाठवून त्यात नुसती टीका पाठवायची तर ती साइटवरही करता येते.

त्या गुरुवारी तू फोन केलास. म्हणालीस, ‘दुपारी दोन तास येऊन बसशील का गं मावशीजवळ? मला जरा जायचंय.’ तुझ्या आईला मी मावशी म्हणते म्हणून तूही माझ्याशी बोलताना मावशीच म्हणायचीस. मी म्हटलं, ‘अगं, अर्जंट ऑर्डर आहे, मालक सोडणार नाहीत.’ तू म्हणालीस, ‘बरं, बघते काहीतरी.’ तुला कुठेतरी जायचं होतं, तू गेलीस. मावशी एकटी उठायला गेली आणि न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडली. पाऊण तास तशीच पडून होती. खुबा मोडला. सात आठवड्यांनी गेली.

त्या गुरुवारी मी लॅबमध्ये नव्हते. रजा टाकली होती. घरी पलंगावर लोळत अठ्ठावन्नावं प्रकरण लिहीत होते. लिहून झाल्यावर वाचायलाही थांबले नाही, टाकलं साइटवर. प्रकरणाच्या डोक्यावर वेळ येते हे मला नऊ वर्षं माहीत आहे. ३.४०. चोरी करणारे निदान खिडकी तरी लावून घेतात, मी नावगाव लिहून आले.

संध्याकाळी तुझी कमेंट आली. ‘वाचलं. छान झालंय.’ तू तेव्हा हॉस्पिटलमध्ये होतीस, हे मला दुसऱ्या दिवशी तुझ्या दादाने सांगितलं. तू वेळ बघितली होतीस का? मी स्वतःला समजावलं की नसेल बघितली. बघितली असेल तर म्हणणार होते की प्रकरण आधीच तयार होतं, वेळ लावून ठेवलं होतं, आपोआप गेलं. इतकं चांगलं उत्तर तयार ठेवलं होतं मी. तू विचारलंच नाहीस. मावशी गेल्यावर तुझ्या घरी आले तेव्हाही, कुणी विचारलं नसताना मीच तुझ्या वहिनीला सांगितलं, ‘नेमकी त्याच दिवशी लॅबमध्ये ऑर्डर होती हो.’ तू पाण्याचा पेला माझ्या हातात दिलास आणि आत निघून गेलीस.

वाचकांना कारण हवंय ना? घे. मला कंटाळा आला होता. तुझ्या त्या खोलीचा, औषधांच्या वासाचा, मावशी दर पाच मिनिटांनी ‘पोस्टमन आला का’ विचारायची त्याचा. आणि तुझाही. चार महिने तुझ्या तोंडी दुसरा विषय नव्हता. चादरी, गोळ्या, रात्रभर झोप नाही, दादा पैसे पाठवतो पण स्वतः येत नाही. शिडीवालीचे संवाद मागितले की ‘पाठवते गं’ म्हणायचीस आणि पाठवायची नाहीस. मला वाटायचं, हिला आपली काही किंमतच नाही. त्या दिवशी मुद्दाम म्हटलं, बस एकटी. दोन तासांचंच तर आहे, काय होणार आहे.

हे असं आहे. याहून मोठं काही नाही. शोधलं मी, मिळालं नाही.

आता साठाव्या प्रकरणाबद्दल. लिहायला बसताना आपला एकच नियम होता, ज्याचं पात्र त्याचंच तोंड. तुझ्या शिडीवालीच्या तोंडी मी शब्द घालायचा नाही, माझ्या ड्रायव्हरच्या तोंडी तू नाही. एकदा मी तुझ्या एका वाक्यात नुसतं ‘हो’ घातलं होतं, तर तू दोन दिवस माझ्याशी डबा वाटून घेतला नाहीस. मावशी गेल्यावर तू काही पाठवेनास. वाचक विचारायला लागले, पुढचं कधी, पुढचं कधी. म्हणून एकोणसाठावं मी एकटीने लिहिलं, आणि साठावंही. साठाव्यात ड्रायव्हरकडून चूक होते, कसली ते मी मुद्दामच धूसर ठेवलं, आणि हॉस्पिटलच्या बाकावर शिडीवाली तिचा हात धरून म्हणते, ‘जाऊ दे गं. तू तरी काय करणार होतीस.’

एवढं लिहिल्यावर मी रडले. खरंच सुटल्यासारखं वाटलं. तीनशे कमेंटा आल्या. ‘मैत्री असावी तर अशी.’ ‘पात्रं किती खरी वाटतात.’ सगळ्यांना मी धन्यवाद लिहिले, तुझं पण नाव घालून. त्यानंतर दोन दिवसांत तू मला सगळीकडून ब्लॉक केलंस आणि मी नवऱ्याला सांगत फिरले की बघा, नऊ वर्षांच्या मैत्रीचं हे फळ. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

म्हणून मला वाटतं, आपण तडजोड करू. सत्तावन्नाव्यापर्यंतचं ठेवू, ते दोघींचं आहे, चांगलं आहे, त्याने कुणाचं काय वाकडं केलंय? पुढची तीन मी काढते. किंवा साठावं तू लिही. तुझ्या हाताने. बाकावर शिडीवालीने ड्रायव्हरच्या मुस्काटात ठेवून दिली तरी मी एक अक्षर बदलणार नाही. वाटल्यास उठून निघून जाऊ दे. पण तिला काहीतरी बोलू दे. तू बोललीस तर मी ऐकून घेईन, खाली मान घालून. तुला ठाऊक आहे, मला फक्त तुझंच ऐकून घेता येतं.

अजून आठ दिवस आहेत. पत्ता तोच आहे. तुझ्या दादा-वहिनींना नमस्कार सांग, नको वाटला तर सांगू नकोस.

आता ‘तुझी’ लिहायचा हक्क आहे की नाही ते तू ठरव, मी लिहून ठेवते,
तुझी
ड्रायव्हर


शुक्रवार, २२ ऑगस्ट

पत्र मिळालं. फाडलं नाही.

दादा-वहिनी बरे आहेत. मी बरी आहे की नाही हे तू एका ओळीत विचारलंस आणि पुढच्या ओळीत साइटकडे वळलीस, त्यामुळे ते राहू दे.

वेळ मी बघितली होती. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून बघितली. ‘छान झालंय’ लिहिलं, कारण तू काय म्हणतेस ते मला बघायचं होतं. एकदा तरी फोन करून म्हणशील, अगं, मी खोटं बोलले. त्या दिवशी म्हणाली असतीस तर मी तुझ्या अंगावर ओरडले असते, आणि मग तूच डबा घेऊन आली असतीस, आणि आपण त्या जिन्यात बसून जेवलो असतो. अकरा महिन्यांनी, मी टिक केल्यावर, कथा जाते म्हटल्यावर तू खरं बोललीस. आईसाठी नाही बोललीस.

दोन तास मी कुठे गेले होते, हे तू तेव्हा विचारलं नाहीस आणि आताही नाही. पत्रात ‘कुठेतरी’ लिहिलंयस. मी माझा रिपोर्ट घ्यायला गेले होते. छातीत गाठ लागली होती. हे फोनवर सांगायचं नव्हतं, तू आलीस की दारातच सांगेन असं ठरवलं होतं. रिपोर्टात काय आलं, पुढे काय झालं, हे आता मी तुला सांगणार नाही. दादाला विचारू नकोस, त्याला मी बजावलंय.

माझ्या कथेबद्दल तू लिहिलंयस ते बरोबर आहे. वाचकांचंही बरोबर आहे. ड्रायव्हर असं का करते याची मी तीन कारणं लिहून बघितली. एकात तिचा हात भाजलेला होता. एकात तिची लेक आजारी होती. एकात वायरलेसवर काहीतरी भलतंच ऐकू येतं. तिन्ही तुझ्याच बाजूची होती, तिन्ही खोटी वाटली, म्हणून खोडली आणि जागा रिकामी ठेवली. कंटाळा मला सुचला नव्हता. तो घालते. आता पटेल सगळ्यांना. तुझ्या त्या नवख्या नावाच्या बाईलाही पटेल.

काढून टाकायची विनंती मी आज मागे घेतली. तुला मेल येईल. सगळं राहू दे, साठावंही राहू दे. लोकांना ते आवडतं, कुणाला त्याने बरं वाटत असेल तर वाटो. माझं नाव तेवढं काढलंय, त्याला तुझी संमती लागत नाही. शिडीवाली आता तुझीच. बाकावर तिने तुला माफ केलेलंच आहे, तिच्याशीच बोलत जा. मी केलेलं नाही. हे वाक्य मी माझ्या हाताने लिहिलंय, त्यात तू ‘हो’सुद्धा घालायचं नाहीस.

या पत्राला उत्तर नको.

आधी शेजारच्या टेबलावर बसायची
ती