ऑप्शनला टाकलेला प्रश्न

लातूर, सोमवार, २३ नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप मामींच्या पायांवर जावई हरिओमचं डोकं.

तुमचे गुडघे कसे आहेत, आणि मामांचा खोकला? पत्र मामाच वाचून दाखवणार हे ठाऊक आहे. (मामा, कंसातलं तेवढं मनात वाचा. जावयाची लाज राखा.) आधी आनंदाची बातमी: शुक्रवारी दुपारी तुमच्या लेकीला, आरतीला, मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. नाक तुमच्यावर गेलंय.

आता बाकीचं. क्लासमध्ये बारावीला फिजिक्स शिकवून शिकवून माझी खोड अशी झालीय, की बाळंतपणाचीसुद्धा मी बोर्डाच्या पेपरसारखी तयारी केली. वही केली. घर ते दवाखाना रिक्षानं तीनदा सराव केला, तिसऱ्यांदा अकरा मिनिटं लागली. पिशवीत सुती साड्या, दुपटी, तपासण्यांची फाइल, रक्तगटाचा कागद. दवाखाना मुद्दाम बैठा निवडला, कारण भूकंप होऊन पाच वर्षं झाली तरी स्लॅबखाली बसताना माझी नजर आधी खांबाकडे जाते. डॉक्टरबाईंना मी पहिला प्रश्न विचारला तो बीममधल्या सळईचा. त्या म्हणाल्या, आधी तुमचंच बीपी बघू. कळा आल्या की श्वास कसा घ्यायचा हेही मी घड्याळ लावून आरतीला शिकवून राहिलो होतो. तेव्हा ती लई हसायची.

सातव्या महिन्यात डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, की आत सोबतीला एक बाईमाणूस थांबू देतो, कोण पाहिजे ते आरतीला विचारून ठरवा. मी वहीत लिहून घेतलं, प्रश्न नववा. बाकीचे आठ पक्के होते, म्हणून नववा ऑप्शनला टाकला. पोरांना मी हेच शिकवतो.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तुम्ही ओटी घेऊन लोह्याहून न्यायला आलात, तेव्हा मी माळवदाच्या, डोक्यावर मातीचं जड छत असलेल्या घराची भीती सांगून तुम्हाला रिकामं परत पाठवलं. (मामा, तुमच्या माळवदाला साधी चीरसुद्धा पडली नव्हती, मला ठाऊक होतं. सगळं मी एकट्यानं पार पाडलं असं लोकांत सांगायची हौस होती, दुसरं काही न्हाई.)

शुक्रवारी सकाळी दहाला, बरोब्बर अकरा मिनिटांत पोचलो. दारात सिस्टरनं विचारलं, सोबत बाईमाणूस कोण हाय? मी फाइल पुढे केली. ती म्हणाली, फाइल न्हाई सर, बाई. मी आत येतो म्हटलं, तर आत आणखी दोघीजणी होत्या, पुरुषाला कसं सोडणार? आरतीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि एकटीच आत गेली. ते बघणं अजून डोळ्यांपुढून जात नाही.

बाकड्यावर चांदबी म्हणून एक बाई होत्या. त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे, सून कहकशां आत होती. त्यांनी सिस्टरला सांगितलं, दोघींची मीच हाय म्हणून लिव्हा. दहा ते चार त्या दोन खाटांच्या मधे उभ्या होत्या, एक हात सुनेला, एक आपल्या आरतीला. मी बाहेर घड्याळ धरून बसलो होतो. आतून आरती आईला हाका मारून राहिली होती. तिसऱ्या हाकेनंतर मी घड्याळ खिशात घातलं. बाहेर आल्यावर चांदबी एवढंच म्हणाल्या, तिच्या आईला बोलवून घ्या.

चूक माझी आहे, मामी. तिच्या पोटातलं सगळं वहीत लिहिलं आणि मनातलं एकदाही विचारलं नाही. आम्ही अजून दवाखान्यातच आहोत. ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

तुमचा,
हरिओम

ता. क. दसऱ्याला मी तुम्हाला पत्र घातलं होतं, की दवाखान्यात गर्दी चालत नाही, येऊ नका, बारशाचं कळवतो. ते पत्र आरतीला माहीत नाही. माहेरी पाठवलं नाही म्हणून आई रुसली, आली नाही, असं ती धरून बसलीय, आणि मी गप्प बसलोय. लोह्यावरून येणारी नांदेडची एसटी यायची वेळ झाली की ती दाराकडे बघते. (मामा, पाया पडतो, ते पत्र चुलीत घाला.)

ता. क. दुसरा. नको, चुलीत घालू नका. मामींना घेऊन या आणि येताना ते पत्र आणा. तिच्यासमोर मीच वाचीन. हे कंसात नाही, मामा. मोठ्यानं वाचा.